घरचं काही दिलं आहे का?

गल्लीत त्यांना अर्धीगोळी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

एकेचाळीस वर्षं ते एकाच मेडिकलच्या काउंटरमागे उभे होते. दुकान त्यांचं नव्हतं. मालक तीन झाले. तिसऱ्याने दाराला काच बसवली, कॉम्प्युटर आणला. काउंटरमागचा माणूस तोच राहिला. कुणी डोकं धरून आलं, कुणी पोट धरून आलं, की ते आधी त्या माणसाकडे नीट बघत आणि म्हणत, "अर्धी गोळी घ्या. उद्या सकाळी येऊन सांगा." गोळी मोडायला त्यांच्या खिशात एक बोटभर सुरी असे. मध्ये रेघ नसलेली गोळीही ते बरोबर निम्मी करत. भुगा पडत नसे.

त्यांचा एक प्रश्नही ठरलेला होता. औषध काढण्याआधी ते विचारत, "घरचं काही घेतलंय का?"

लोक नाही म्हणत. ते दोन्ही हात काउंटरवर ठेवून नुसते थांबत. मग हळूहळू बाहेर येई. शेजारणीने दिलेली पांढरी गोळी. मागच्या वर्षीचं उरलेलं सिरप. सासूची झोपेची. ते रागावत. "अहो, माझ्यापासून लपवून कुणाला फसवताय? पोटाला ठाऊक आहे ना सगळं!" लोक ओशाळून हसत. रांगेतले बाकीचेही हसत.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आता लोक दुखणं फोनवर शोधत आणि औषध दारात मागवत. रस्त्यात भेटले तर "काय अर्धीगोळी, बरं आहे ना?" म्हणत आणि पुढे जात. नाव राहिलं होतं, गिऱ्हाईक गेलं होतं. तरीही स्वयंपाकघरातला एक खण त्यांनी औषधांचा ठेवला होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो रिकामा करायचा, मुदत संपलेलं काढायचं, उरलेलं पुन्हा रांगेत लावायचं. बाटल्यांची लेबलं पुढे, पट्ट्या मागे.

घरात ते अप्पा होते. तसं म्हणणारी माणसं दोनच. मुलगा बोटीवर इंजिनिअर; सहा महिने पाण्यात, तीन महिने घरी. आणि सून. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. चुका शोधायचा पगार घ्यायची, पण घरात तिने अप्पांची चूक कधी काढली नव्हती. साधी शिंक आली तरी विचारायची, "अप्पा, काय घेऊ?" ते एवढंसं विचारणं अप्पांना दिवसभर पुरायचं.

गोटी सुनेबरोबर आली. लग्न ठरतानाच सुनेने सांगून टाकलं होतं, "मी आले तर ही पण येणार." अप्पा तेव्हा मुलाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "घर आहे का प्राणिसंग्रहालय?" गोटी आली. गव्हाळ रंगाची कुत्री, एक कान उभा, एक पडका, आणि डोळे काचेच्या गोट्यांसारखे. पहिल्याच आठवड्यात तिने अप्पांची डावी चप्पल खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्या खाटेखाली झोपायला लागली. तिसऱ्या आठवड्यात अप्पा रस्त्यात लोकांना सांगत होते, "आमच्या गोटीला गाजर फार आवडतं."

सुनेने एकच नियम घातला होता. "अप्पा, तिला माणसांचं काही द्यायचं नाही. बिस्किट नाही, औषध तर मुळीच नाही."

"मला सांगतेस होय औषधाचं?" अप्पा हसून म्हणाले होते.

ती पण हसली होती.

त्या सोमवारी गोटी जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उतरायला गेली आणि लंगडत उभी राहिली. सून छापखान्यात गेलेली. अप्पांनी पाय चाचपला. मोडलेला नव्हता. मुरगळला होता. खुब्याच्या खाली हात लागला की गोटी मान वळवून त्यांचा हात चाटे. चावत नसे, चाटे. ते त्यांना बघवेना.

त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा काढला. आधी एकटे उभे राहिले. मग गोटीला उचलून उभे राहिले. वजाबाकी केली. बारा किलो.

बारा किलो म्हणजे तीन वर्षांचं मूल. हा आकडा त्यांच्या हाडात मुरलेला होता. तीन वर्षांच्या मुलाला ताप आला, दुखलं, की कुठलं सिरप आणि किती, हे त्यांनी झोपेत सांगितलं असतं. खणात ते सिरप होतं. शेजारच्या नातवासाठी आणलेलं, नारिंगी चवीचं. त्यांनी पाच एमएल चमच्यात मोजलं. चमचा डोळ्यांच्या पातळीला धरून मोजलं. गोटीने चाटूनपुसून घेतलं आणि चमच्याकडे परत बघितलं.

संध्याकाळी तिचं लंगडणं निम्म्याने कमी होतं.

"सकाळी जिन्यावरून घसरली जरा," अप्पा म्हणाले. "पण आता बरी आहे."

"आपोआप बरी झाली की!" सून म्हणाली.

अप्पांना आतल्या आत फार बरं वाटलं. चार वर्षांनी त्यांच्या हाताला गुण आला होता. मग ते देत राहिले. सकाळी सहाला फिरून आल्यावर, आणि संध्याकाळी सून यायच्या आधी. मंगळवार, बुधवार, गुरुवार. चोरून देतोय असं त्यांना वाटत नव्हतं. सांगायचं राहिलंय, एवढंच वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी गोटी कबुतरामागे धावली आणि पुन्हा पाय उचलून उभी राहिली. गाजराकडे तिने बघितलंही नाही.

"आता मी डॉक्टरांना दाखवतेच," सून म्हणाली. "ॲपवर असतात. व्हिडिओवर बघतात. छापखान्यातली ती टायपिस्ट नाही का, ती तिच्या मांजराला नेहमी तिथेच दाखवते. त्या मांजराला रिक्षाची उलटी होते."

"फोनवरून काय कळणार?" अप्पा म्हणाले.

"बघू तर खरं."

शुक्रवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. सुनेने फोन साखरेच्या बरणीला टेकवून टेबलावर उभा केला. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तिने ते पाहिलं आणि गालात हसली. "अप्पा, तपासायचं गोटीला आहे."

पडद्यावर एक मुलगी आली. मुलगीच म्हणायची, अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. केस मागे घट्ट बांधलेले, समोर वही. "मी डॉक्टर," ती म्हणाली. "मला आधी तिला चालताना दाखवा. माझ्याकडे येताना, मग लांब जाताना. ओढू नका, तिची ती चालू दे."

मग ती म्हणाली, "आता मला तुमचे हात उसने द्या. कोण देतंय?"

अप्पा पुढे झाले.

तिने एकेक सांगितलं आणि अप्पांनी एकेक केलं. मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी मोजली. ओठ वर करून हिरडी दाखवली. हिरडीवर बोट दाबून सोडलं. पांढरा ठिपका परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. पाय गुडघ्यात वाकवला, सरळ केला. त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. चार वर्षं रिकामे असलेले ते हात पुन्हा कामाला लागले होते.

"काका, छान," डॉक्टर म्हणाली. "लोक नाडी सापडत नाही म्हणून दहा मिनिटं घालवतात. तुम्ही मेडिकल लाइनमधले का?"

"एकेचाळीस वर्षं," अप्पांच्या आधी सूनच म्हणाली. "सगळी गल्ली त्यांना विचारून गोळी घ्यायची."

अप्पांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

डॉक्टरने वहीत काहीतरी लिहिलं. मग वर बघितलं. "आता एक विचारते, सगळ्यांनाच विचारते. घरचं काही दिलं आहे का तिला? दुखण्याचं, तापाचं, कुठलंही?"

"छे!" सून म्हणाली. "अप्पा असताना? आमच्या घरात तसलं काही होत नाही."

डॉक्टर अप्पांकडे बघत होती. "काका? नक्की ना?"

तो प्रश्न अप्पांनी आयुष्यभर विचारला होता. विचारून हात काउंटरवर ठेवून थांबले होते. समोरच्या माणसाच्या तोंडावर आधी काय येतं आणि मग काय येतं, हे त्यांना पाठ होतं. आज पडद्याच्या कोपऱ्यात, एका छोट्या चौकटीत, त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं. ते तोंड आधी हललं नाही. मग हसलं.

"नाही," ते म्हणाले.

डॉक्टर काउंटरवाली नव्हती. ती थांबली नाही. तिने विश्वास ठेवला.

"मग मी कुत्र्यांची दुखण्याची गोळी देते. दिवसातून एक, जेवल्यावर. पाच दिवस. तिच्यासोबत दुसरं कुठलंही दुखण्याचं औषध चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. काकांना हे सांगायची गरज नाही म्हणा."

गोळ्या आणायला अप्पाच गेले. प्राण्यांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानात एक तरुण बाई काउंटरमागे होती. तिने पट्टी दिली. अप्पांनी फूटपाथवर उभं राहून चष्मा कपाळावर ढकलला आणि पट्टीच्या मागचं बारीक छापलेलं वाचलं. नाव निराळं होतं. जात तीच होती. घरातलं सिरप आणि ही गोळी सख्खी चुलत भावंडं. दोन्ही एकदम पोटात गेली तर पोटाचं अस्तर सोलून काढतात. हे त्यांनी शेकडो माणसांना सांगितलं होतं. सकाळी सहाला त्यांनी गोटीला सिरप दिलेलं होतं.

घरी येईपर्यंत त्यांनी मनाशी ठरवलं. सिरप आजपासून बंद. बाटली त्यांनी मोरीत ओतली, धुतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. वास राहू नये म्हणून हात दोनदा धुतले. हात धुताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हे अगदी व्यवस्थित करतो आहोत.

सुनेने गोटीला थोडा मऊ भात भरवला होता.

"संध्याकाळी देऊ या का गोळी?" अप्पा म्हणाले.

"का? जेवल्यावर लगेच म्हणाल्या ना त्या."

"मग अर्धी दे. बघू."

सून मोठ्याने हसली. "अप्पा, ही गोटी आहे, गल्ली नाही!" तिने आख्खी गोळी भातात दाबली. गोटीने ती खाल्ली.

अप्पांना तेवढ्यात सांगता आलं असतं. भात जिभेवर होता तोवर सांगता आलं असतं.

शनिवारी ते म्हणाले, "आज गोळी मी देतो." त्यांनी ती दिली नाही. सदऱ्याच्या खिशात टाकली आणि सुनेला सांगितलं, दिली. दुपारी गोटी एकदा ओकली. "गवत खाल्लं असेल," सून म्हणाली. अप्पा म्हणाले, "असेल." दिवसभर त्यांचा हात खिशाकडे जात होता. जेवणात लक्ष लागेना. निम्मं पान तसंच राहिलं.

"बरं नाही का अप्पा? काय देऊ?" सुनेने विचारलं.

त्यांना कानकोंडं झालं. "काही नाही. वयाचं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी सहाला ते गोटीला घेऊन खाली उतरले. ती प्रत्येक पायरीवर थांबत होती. कोपऱ्यावरच्या झाडाशी ती बसली. उठली तेव्हा अप्पांनी पिशवी हातात चढवून खाली वाकून बघितलं.

काळी. चकचकीत. डांबरासारखी चिकट.

असं काळं झालं की आत रक्त वाहतं आहे. एकेचाळीस वर्षांत काउंटरवर कुणी हे सांगितलं, की ते अर्धी गोळी म्हणत नसत. ते स्वतः बाहेर येऊन रिक्षा थांबवत.

"अहो अर्धीगोळी!" तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई दूध घेऊन येत होत्या. "बरे सापडलात. गुडघ्याने जीव नकोसा केलाय. फोनवर सतरा औषधं दाखवतात. तुम्हीच सांगा बाई, कुठली घेऊ?"

चार वर्षांत प्रथमच कुणीतरी त्यांना रस्त्यात थांबवून विचारत होतं. अप्पा हातात ती पिशवी धरून उभे होते.

"डॉक्टरला विचारा," ते म्हणाले.

"इश्श! तुम्ही असताना?"

"मला नका विचारू. मला विचारू नका कुणी."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. अप्पांनी गोटीला उचललं. बारा किलो. जिना चढताना तिचं तोंड त्यांच्या खांद्यावर होतं, आणि ती त्यांचा कान चाटत होती.

सून जागी झाली होती. "काय झालं?"

"डॉक्टरला लाव. आत्ता लाव. शी काळी झाली तिची."

एवढंच ते बोलले. त्यांना वाटलं, डॉक्टर हुशार आहे. काळी म्हटल्यावर ओळखेल. आपल्याला बोलावं लागणार नाही.

ॲपवर तातडीचं बटण होतं. सुनेने ते दाबलं. सहा मिनिटांनी तीच डॉक्टर आली. केस ओले होते, पाठीमागे दुसरीच भिंत होती. घरून बोलत होती. अप्पांनी पिशवी उघडून पडद्यासमोर धरली. तिने जवळ येऊन पाहिलं.

"हिरडी," ती म्हणाली.

अप्पांनी हिरडी दाखवली. फिकट होती. बोट दाबून सोडलं. पांढरा ठिपका पांढराच राहिला. एक, दोन, तीन. मग कुठे रंग आला.

डॉक्टरचा आवाज बदलला. "किती गोळ्या गेल्या?"

"दोन," सून म्हणाली. "शुक्रवारी एक, काल एक. तुम्ही सांगितल्या तशाच. जेवल्यावर."

डॉक्टर वहीकडे बघत राहिली. पान उलटलं, परत उलटलं. "दोन गोळ्यांनी असं सहसा होत नाही," ती हळू म्हणाली. "पण होऊ शकतं. काही जणींचं पोट नाजूक असतं. मी… मी शुक्रवारीच तुम्हाला प्रत्यक्ष दवाखान्यात पाठवायला हवं होतं. पाय होता म्हणून मी पोटाचा विचार नाही केला. चूक माझी आहे."

"म्हणजे?" सुनेचा आवाज चढला. "तुमच्या गोळीने झालंय हे?"

"तसंच दिसतंय."

"आणि हे तुम्ही इतक्या सहज सांगता? फोनवर बघून गोळ्या ठोकता तुम्ही लोक! अप्पा म्हणत होते, अर्धी दे, बघू. मी हसले त्यांना. तुमचं ऐकलं मी. त्यांचं ऐकायला हवं होतं." तिला रडू फुटलं. "मी तक्रार करणार आहे तुमची. लेखी करणार आहे. लिहिण्यात माझा कुणी हात धरणार नाही, सांगून ठेवते."

"करा," डॉक्टर म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात लिहीत होता. "तो तुमचा हक्क आहे. पण आधी तिला उचला. मी दवाखान्याला कळवते—"

"थांबा," अप्पा म्हणाले.

दोघी थांबल्या.

अप्पांना पडद्यातली ती छोटी चौकट दिसत होती. सदरा कालचाच होता. त्यांनी खिशात हात घातला आणि ती गोळी काढून टेबलावर, साखरेच्या बरणीजवळ ठेवली. तिला खिशातला धागा चिकटला होता.

"कालची ही. मी दिली नाही. एकच गेली आहे."

सुनेला कळेना. "का नाही दिली?"

"कारण आधी सिरप गेलेलं होतं."

एकदा बोलल्यावर डॉक्टर विचारत गेली आणि ते सांगत गेले. सिरपचं नाव. पाच एमएलमध्ये किती मिलिग्रॅम. दिवसातून किती वेळा. सोमवारी सकाळी पहिला डोस. मंगळवार, बुधवार, गुरुवार, दोन-दोन. शुक्रवारी सकाळी सहाला शेवटचा. एकूण आठ. त्यांचा आवाज पाठ म्हटल्यासारखा येत होता. कुठेही आकडा चुकला नाही. नेमकी तीच गोष्ट ऐकवत नव्हती.

"डोस कसा काढला?" डॉक्टरने विचारलं.

"वजनावर. बारा किलो. तीन वर्षांचं मूल."

डॉक्टरच्या तोंडावर सुटल्याचा भाव यायला हवा होता. आला नाही. ती फक्त थकलेली दिसली.

"काका, कुत्र्याचं शरीर हे औषध आपल्यासारखं बाहेर टाकत नाही. तुमचा हिशोब बरोबर आहे. तो मुलाचा आहे." मग ती म्हणाली, "शुक्रवारी मी विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो."

अप्पांनी मान वर केली नाही. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्यांनी नुसतं ऐकलं होतं. ते गरम असतं, हे त्यांना आज कळलं. कानाच्या पाळ्या भाजत होत्या.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "आता कळलं ते बरं झालं. कशावर उपचार करायचे ते त्यांना सांगता येईल. मी फोन करते. तुम्ही निघा."

पडदा काळा झाला. सून टेबलावरच्या गोळीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"म्हणून तो चमचा रोज बाहेर असायचा," ती म्हणाली.

तिने गोटीचा पट्टा घेतला, रुमाल घेतला, खाली जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात गोटी अप्पांच्या मांडीवर होती. सुनेने हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि अप्पांच्या हाताला तो लागू नये अशी काळजी घेतली.

दवाखान्यात एक फॉर्म भरायला दिला. सुनेने अर्धा भरला. 'घरी दिलेली औषधे' असा एक रकाना होता. तिथे ती थांबली, पेन त्यांच्याकडे सरकवलं. अप्पांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं. रकाना लहान पडला. त्यांनी समासात लिहिलं.

गोटी चार दिवस तिथे राहिली. सलाईन, पोटाची इंजेक्शनं, एकदा रक्त. पहिल्या दिवशी तिथले डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. अप्पा तिथल्या बाकावर बसून असत. त्यांना आत जाऊ देत होते. ते जात नसत. तिसऱ्या दिवशी गोटी पाणी प्यायली. चौथ्या दिवशी तिने तिथल्या नर्सचा बूट ओढला, तेव्हा सून पहिल्यांदा हसली. अप्पांकडे बघून नव्हे.

तक्रार तिने लिहिली नाही. त्याऐवजी डॉक्टरला चार ओळींचं पत्र लिहिलं. अप्पांना ते दाखवलं नाही. मुलाला बोटीवर काय कळवलं, तेही सांगितलं नाही. त्याचा पुढचा फोन आला तेव्हा तो अप्पांशी हवापाण्याचं बोलला. फारच जपून बोलला. त्यावरून अप्पांनी ओळखलं.

सून त्यांच्याशी वाईट वागत नव्हती. वेळेवर वाढत होती, पेपर हातात देत होती. पण त्या आठवड्यात तिला सर्दी झाली. दोन दिवस ती शिंकत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या पर्समध्ये अप्पांना गोळ्यांची पट्टी दिसली. तिने बाहेरून आणली होती. अप्पांना न विचारता.

दहा दिवसांनी पुन्हा व्हिडिओ होता. गोटी कशी आहे ते बघायला. तेच टेबल, तीच बरणी. अप्पा आतल्या खोलीत बसले होते. सुनेने हाक मारली, "अप्पा, हात लागणार आहेत तुमचे."

ते आले. आज बनियनवर होते.

डॉक्टर पूर्वीसारखीच बोलत होती. "या काका. हिरडी दाखवा." हिरडी गुलाबी होती. बोट सोडताच रंग आला. नाडी बरोबर होती. पाय वाकवला, सरळ केला. गोटीने त्यांचं मनगट चाटलं. तिला काही आठवत नव्हतं, किंवा आठवत असलं तर तिच्या लेखी तो नारिंगी चवीचा चमचा होता.

"वा," डॉक्टर म्हणाली. तिने वही ओढली. क्षणभर पेन हवेत राहिलं. "आता मी सगळ्यांनाच विचारते ते विचारते. घरचं काही दिलं आहे का?"

सुनेने या वेळी फोन बरणीवरून उचलला आणि त्यांच्याकडे वळवला. धरून ठेवला.

"नाही," अप्पा म्हणाले.

तेच उत्तर. दहा-पंधरा दिवसांपूर्वीचंच. त्याच आवाजातलं. या खेपेला ते खरं होतं. डॉक्टर लिहायची थांबली होती. सुनेची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली होती, औषधांच्या खणाकडे. तिचं तिलाही कळलं नसावं.

अप्पा वळले. त्यांनी खण ओढला. शेवटपर्यंत ओढला, इतका की तो चौकटीतून निघून हातात आला. तो रिकामा होता. तळाला त्यांनी घातलेला जुना कागद होता, त्यावर बाटल्यांचे गोल डाग होते, आणि कोपऱ्यात ती बोटभर सुरी. त्यांनी तो खण उचलून फोनसमोर धरला. डावीकडे कलता केला, उजवीकडे कलता केला. सुरी घरंगळत या टोकाहून त्या टोकाला गेली.

"काका, अहो," डॉक्टर म्हणाली, "राहू द्या. गरज नाही त्याची."

"बघून घ्या," अप्पा म्हणाले.

त्यांनी खण पडद्याच्या आणखी जवळ नेला.

"अप्पा, ठेवा तो खाली," सून म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, सर्दीचा असेल.

त्यांनी ठेवला नाही. दोघींनी नीट बघितलंय असं वाटेपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले.